रक्ताची गुठळी, नळीचा उपचार आणि नाशिक जिल्ह्याचे रस्ते

द्राक्षबागेत छाटणी करताना कात्रीचे पाते बोटाला लागले, तर थोडा वेळ रक्त वाहते आणि मग ते आपोआप थांबते. रक्त गोठण्याचा हा गुण निसर्गाने दिलेले मोठेच संरक्षण होय. घोणस चावलेल्या माणसाच्या हिरड्यांतून व जखमेतून रक्त वाहतच राहते, याचे कारण त्या विषाने रक्त गोठविणारे घटक संपून गेलेले असतात. हा गुण नसेल तर काय होते, हे आदिवासी पट्ट्यातील ग्रामस्थांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. परंतु हेच रक्त, कोठे जखम नसताना, वाहिनीच्या आतच गोठले, तर जे संरक्षण तेच संकट ठरते. गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली तर पक्षाघात, हृदयाच्या धमनीत अडकली तर हृदयविकाराचा झटका, फुप्फुसात गेली तर श्वास कोंडतो आणि पायाच्या धमनीत अडकली तर पाय काळा पडू लागतो.

निफाड-दिंडोरी भागातील बागायतदारास ठिबक सिंचनाची नळी तुंबणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. नळीत क्षार साचले तर तो आम्लप्रक्रिया करून ते विरघळवितो. गाळाचा किंवा शेवाळाचा बोळा अडकला तर नळीचे टोक उघडून पाण्याच्या जोराने तो बाहेर काढतो. रक्ताच्या गुठळीवरील उपचारही ढोबळमानाने याच दोन प्रकारचे आहेत. एक औषधाने विरघळविण्याचा, दुसरा आत बारीक नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा. फरक एवढाच की पाणी एक दिवस बंद पडले म्हणून वेल वाळत नाही. मेंदूच्या पेशींना मात्र तेवढी सवड नसते. मेंदूची मोठी धमनी तुंबली असता मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. या उपचारांचा विचार करताना यंत्रसामग्रीइतकाच घड्याळाचा आणि रस्त्याचाही विचार करावा लागतो, तो यामुळेच.

गुठळी का होते

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नाचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे वैद्यकाचे विद्यार्थी आजही शिकतात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतील अस्तरास इजा होणे आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल वाढणे. पाय मोडून अंथरुणास खिळलेल्या रुग्णाच्या पोटरीतील शिरेत होणारी गुठळी पहिल्या प्रकारात मोडते. तंबाखू, मधुमेह व उच्च रक्तदाब यांनी खडबडीत झालेल्या धमनीतील गुठळी दुसऱ्या प्रकारात येते.

ग्रामीण महाराष्ट्रात आणखी एका कारणाची नोंद घेतली पाहिजे. लहानपणी घसा वारंवार सुजून, त्यातून सांधे धरणारा ताप आलेल्या काही मुलांच्या हृदयाची झडप कायमची अरुंद होते. पुढे तिशी-चाळिशीत हृदयाचे ठोके अनियमित पडू लागतात, वरच्या कप्प्यात रक्त साचून राहते, तेथे गुठळी बनते आणि एखादे दिवशी तेथून सुटून ती मेंदूकडे वा पायाकडे जाते. ‘काल तर चांगला धडधाकट होता’ असे ज्या तरुण रुग्णाविषयी नातेवाईक सांगतात, त्याच्या आजाराचे मूळ कधी कधी वीस वर्षांपूर्वीच्या घशाच्या दुखण्यात असते. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही विसरून चालणार नाही. या आजाराच्या मुलांनादेखील पक्षाघात होऊ शकतो. मात्र त्यांच्यावरील मुख्य उपचार रक्त देण्याचा किंवा बदलण्याचा असतो, नळीचा नव्हे.

चिरफाडीकडून नळीकडे

शरीराच्या आत नळी सरकवून हृदयापर्यंत पोहोचता येते, हे प्रथम एका पंचविशीतील जर्मन डॉक्टराने स्वतःवर प्रयोग करून दाखविले. १९२९ साली एबर्सवाल्ड येथील रुग्णालयात वेर्नर फोर्समन यांनी आपल्याच दंडाच्या शिरेतून एक लांब नळी आत घातली, तसेच चालत ते क्ष-किरण विभागात गेले आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे छायाचित्र त्यांनी काढवून घेतले. या साहसाबद्दल त्या वेळी कौतुकापेक्षा टीकाच अधिक त्यांच्या वाट्यास आली. नोबेल पारितोषिक मिळण्यास १९५६ साल उजाडावे लागले.

पायातील गुठळी काढण्याची पूर्वीची पद्धत म्हणजे धमनी लांबवर चिरून ती साफ करणे. त्यात कित्येकदा पाय जाई आणि रुग्णही दगावे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे रुग्णालयात मदतनीसाचे काम करीत पुढे डॉक्टर झालेले टॉमस फोगर्टी यांनी ही अवस्था जवळून पाहिली होती. बारीक नळीच्या टोकाला त्यांनी रबरी हातमोज्याच्या करंगळीचा तुकडा बांधला. मासे पकडण्याचे गळ सजविताना ज्या कौशल्याने दोरा गुंडाळतात, तेच कौशल्य येथे उपयोगी पडले. मिटलेला फुगा गुठळीच्या पलीकडे न्यावयाचा, तेथे तो फुगवावयाचा आणि मागे ओढावयाचा. फुग्यापुढे गुठळी ढकलली जाऊन लहानशा छेदातून बाहेर येते. ही पद्धत १९६३ साली प्रसिद्ध झाली आणि साठ वर्षांनंतरही ती जगभर वापरात आहे. पाय एकाएकी थंडगार व पांढरा पडला, असह्य दुखू लागला आणि घोट्याजवळ नाडी लागेनाशी झाली, तर साधारणपणे सहा तासांच्या आत हा उपचार व्हावा लागतो. अशा पायाला शेक देत रात्र काढणे म्हणजे पाय गमावण्याची तयारी करणे होय. पुढे १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाची अरुंद धमनी फुग्याने रुंद केली आणि आज खेडोपाडी ठाऊक झालेल्या अँजिओप्लास्टीचा जन्म झाला.

गुठळी विरघळविणाऱ्या औषधांचा इतिहास याला समांतर चालला. घशाला सूज आणणाऱ्या जंतूंच्या कुळातच रक्ताची गुठळी विरघळविणारा एक पदार्थ असल्याचे विल्यम टिलेट यांनी १९३३ साली दाखविले. एकीकडे हृदयाची झडप बिघडविणारे हे कुळ, दुसरीकडे हृदयविकाराच्या रुग्णास जीवदान देणारे औषधही त्याच कुळाकडून मिळाले! स्ट्रेप्टोकायनेज या नावाने ते ओळखले जाते. मोठ्या चाचण्यांनंतर १९८० च्या दशकाच्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्यात त्याचा वापर सर्वत्र रूढ झाला. परदेशी औषधाची किंमत पाहता भारतात ते तयार होणे अगत्याचे होते. हे काम चंदिगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

मेंदूतील गुठळी : दोन चाव्या

पक्षाघाताच्या बाबतीत औषधाची पहिली मोठी चाचणी १९९५ साली यशस्वी झाली. लक्षणे सुरू झाल्यापासून प्रथम तीन तासांची, २००८ नंतर साडेचार तासांची मुदत या औषधासाठी ठरली. मात्र येथे एक अट आहे. पक्षाघात दोन कारणांनी होतो. बहुतेक वेळा वाहिनी तुंबल्याने, काही वेळा ती फुटल्याने. फुटलेल्या वाहिनीच्या रुग्णाला गुठळी विरघळविणारे औषध दिले, तर रक्तस्राव वाढून प्राणावरच बेतेल. बाहेरून पाहून हा फरक अनुभवी डॉक्टरालाही खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी डोक्याचे सीटी स्कॅन करावेच लागते. घरी ॲस्पिरिनची गोळी देण्याचा शहाणपणा पक्षाघातात करू नये, असे डॉक्टर बजावतात ते याच कारणाने.

गुठळी मोठी असली, मेंदूच्या मुख्य धमनीत बसलेली असली, तर एकट्या औषधाने ती बहुधा विरघळत नाही. तेथे नळीचा उपचार कामी येतो. रुग्णाच्या जांघेतील किंवा मनगटातील धमनीत सुईने छिद्र करून एक नळी आत सरकविली जाते. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत डॉक्टर ती छातीतून मानेपर्यंत नेतात. तिच्या आतून दुसरी, तिच्याही आतून केसासारखी बारीक तार पुढे जाते. ज्या धमनीत हे काम चालते तिचा व्यास दोन-तीन मिलिमीटरच असतो. तार गुठळीच्या पलीकडे गेली की तेथे धातूची मिटलेली जाळी उघडली जाते. जाळी फुलते, गुठळी तिच्या घरांत गुंतते, काही मिनिटे थांबून जाळी गुठळीसह मागे ओढली जाते आणि त्याच वेळी बाहेरून शोषण दिले जाते. काही रुग्णांत केवळ शोषणानेच काम भागते. कवटी उघडावी लागत नाही, टाके पडत नाहीत. यशस्वी झालेल्या काही रुग्णांचा लुळा हात टेबलावरच हलू लागतो.

हे वर्णन चमत्कारासारखे वाटले तरी उपचाराची पारख काटेकोरपणे झाली आहे. २०१५ साली निरनिराळ्या देशांतील पाच चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढील वर्षी या पाचही चाचण्यांतील १,२८७ रुग्णांचा एकत्रित अभ्यास मांडण्यात आला. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्या रुग्णांपैकी तीन महिन्यांनंतर शंभरात सुमारे २६ जण स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकत होते. नळीच्या उपचाराची जोड दिलेल्यांत हे प्रमाण शंभरात ४६ होते. म्हणजे निम्म्याहून अधिक रुग्ण या उपचारानंतरही परावलंबी राहिले किंवा दगावले, हेही त्याच आकड्यांत वाचले पाहिजे. वाहिनीस इजा, मेंदूत रक्तस्राव, गुठळीचा तुकडा तुटून पुढे जाणे हे धोके आहेतच. उपचाराची मुदत प्रथम सहा तासांची होती. २०१८ पर्यंत पुऱ्या झालेल्या चाचण्यांनी, मेंदूचा पुरेसा भाग अजून जिवंत असल्याचे विशेष तपासणीत दिसल्यास, निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंत वाढविता येते असे दाखवून दिले. निवडक हा शब्द येथे महत्त्वाचा. चोवीस तासांचे नाव ऐकून सवडीने निघणारे कुटुंब स्वतःचीच फसवणूक करील.

हृदयाच्या बाबतीत गंमत अशी की गुठळी शोषून काढण्याचा मोह तज्ज्ञांनाच आवरावा लागला. अँजिओप्लास्टी करताना गुठळी आधी शोषून घेतली तर अधिक लाभ होईल, हे तर्काला पटणारे होते. परंतु २०१३ व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत सरसकट शोषणाने मृत्यू कमी झाले नाहीत. दुसऱ्या चाचणीत तर पक्षाघाताचे प्रमाण थोडे वाढलेलेच आढळले. आता तो उपाय काही ठरावीक प्रसंगीच योजतात. पायाच्या शिरेतील गुठळ्यांविषयीही असेच म्हणता येईल : बहुसंख्य रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी औषधे पुरतात. रुग्णालयात गेल्याबरोबर ‘नळी घालाच’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सुरगाण्याहून नाशिक

नाशिक शहरात त्र्यंबक नाक्याजवळचे जिल्हा रुग्णालय आहे. शालिमार भागात हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा विशेष उपचारांसाठी शासनाचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे. खासगी रुग्णालयेही अनेक आहेत. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत, ते १९९८ साली स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळ येथेच आहे. शहरवासीयास रुग्णालय गाठणे अर्ध्या तासाचे काम. पण जिल्हा म्हणजे शहर नव्हे. मालेगाव शंभर किलोमीटरवर असले तरी महामार्गावर आहे. पेठचा रस्ता सावळघाटातून जातो. सुरगाण्याहून बोरगाव, वणी, दिंडोरी या मार्गाने नाशिक गाठावयाचे तर सुमारे नव्वद किलोमीटर आणि दोन ते अडीच तास लागतात. पावसाळ्यात, दरड कोसळली तर, किती ते सांगता येत नाही.

समजा, सुरगाणा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर सकाळी सहा वाजता पन्नाशीच्या शेतकऱ्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि शब्द फुटेना. औषधाची मुदत साडेदहाला संपते. आता नेहमीचा क्रम पाहा. थोडे पडू द्या, बरे वाटेल, असे म्हणण्यात अर्धा तास जातो. भाऊबंद जमतात, तेल चोळले जाते, भगताला बोलावणे जाते. सात वाजतात. खासगी जीप ठरविण्यात आठ वाजतात. वाटेत ओळखीच्या डॉक्टरांकडे सलाईन लावले जाते. नाशिक गाठेपर्यंत साडेअकरा होतात आणि त्यातही पहिले रुग्णालय सीटी स्कॅन नसलेले निघते. औषधाची वेळ टळलेली असते. याच रुग्णासाठी सव्वासहालाच १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला असता, तर ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब व साखर तपासून, पुढील रुग्णालयास आगाऊ कळवून तो साडेनऊ-पावणेदहापर्यंत सीटी स्कॅनपाशी पोहोचू शकला असता. तंत्रज्ञान तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो पाड्यावरच्या पहिल्या दोन तासांत.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या. वाहनात डॉक्टर व प्राणवायू असणे हा तिचा विशेष होय. खर्चाचा प्रश्नही लहान नाही. नळीच्या उपचारातील जाळी व नळ्या यांचीच किंमत सामान्य कुटुंबास हादरविणारी असते. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू होऊन नंतर राज्यभर विस्तारली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. प्रतिकुटुंब दीड लाख रुपयांचे संरक्षण पुढे पाच लाखांपर्यंत वाढविण्यात आले आहे. अँजिओप्लास्टीसारखे उपचार तिच्यात मोडतात. कोणता उपचार कोणत्या रुग्णालयात बसतो, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी. पण ती रुग्ण आत गेल्यावर, दारात उभे राहून नव्हे.

तज्ज्ञांचा प्रश्न मात्र केवळ पैशाने सुटणारा नाही. मेंदूत नळी घालणारे डॉक्टर देशातच थोडे आहेत आणि ते मोठ्या शहरांत एकवटले आहेत. प्रत्येक तालुक्यात असा तज्ज्ञ नेमता येणार नाही, हे मान्य करूनच व्यवस्था आखावी लागेल. हिमाचल प्रदेश या डोंगराळ राज्याने २०१४ पासून एक मार्ग चोखाळला. ज्या रुग्णालयांत सीटी स्कॅन आहे पण मेंदूविकारतज्ज्ञ नाही, तेथील साधे फिजिशियन सीटीची छायाचित्रे मोबाइलवरून सिमला वा टांडा येथील तज्ज्ञांना पाठवितात आणि त्यांच्या सल्ल्याने गुठळीचे औषध तेथेच देतात. औषध शासनाकडून मोफत मिळते. नळीची गरज असलेला रुग्ण नंतर पुढे पाठविता येतो. हृदयविकाराबाबत महाराष्ट्रातही याच धर्तीवर काम सुरू झाले आहे. लहान रुग्णालयात काढलेला ईसीजी दूरवरचे तज्ज्ञ वाचतात आणि औषध द्यावे की रुग्ण हलवावा, हे ठरते. दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल तर औषध आधी, प्रवास नंतर, हा त्यातील साधा नियम डोंगरी तालुक्यांना विशेष लागू पडतो. पक्षाघातासाठी अशीच साखळी नाशिक जिल्ह्यात उभी राहणे निकडीचे आहे. २०२७ च्या सिंहस्थ पर्वात देशभरातून येणाऱ्या भाविकांत वृद्धांची संख्या मोठी असणार, हे ध्यानात घेता तर ते अधिकच निकडीचे.

घरच्या माणसांनी काय करावे

लक्षणे ओळखण्यास शिक्षण लागत नाही. रुग्णास दात दाखविण्यास सांगावे. ओठ एका बाजूस ओढला जातो काय ते पाहावे. दोन्ही हात समोर धरावयास लावावे. एक खाली घसरतो काय ते पाहावे. एखादे साधे वाक्य बोलावयास सांगावे. यांपैकी एक जरी बिघडले असेल, तर १०८ क्रमांक फिरवावा. रुग्णास पाणी, चहा, काढा किंवा गोळी तोंडाने देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असली तर ते श्वासनलिकेत जाते. दूरध्वनीवर बोलतानाच, सीटी स्कॅनची सोय जवळात जवळ कोठे आहे हे विचारून घ्यावे. शिधापत्रिका, आधारपत्र आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात; रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ते पहिल्यांदा सांगावे, कारण त्यावर पुढचा उपचार बदलतो.

आणि वेळ कागदावर लिहून घ्यावी. ‘सकाळी सकाळी’ या उत्तराचा डॉक्टरांना उपयोग नाही. लक्षणे दिसल्याची वेळ जितकी महत्त्वाची, तितकीच रुग्ण शेवटचा धडधाकट कधी पाहिला ती वेळ महत्त्वाची असते. झोपेतून उठतानाच बोलणे बोबडे झालेले असेल, तर मुदत मोजली जाते ती रात्री तो झोपी गेला तेव्हापासून. तेव्हा आदल्या रात्री त्याच्याशी जो शेवटचा बोलला असेल, त्या माणसाने रुग्णवाहिकेतून सोबत जावे.